आमच्याआधी राहायला आलेले आम्ही

तीर्थस्वरूप सौ. आक्का,

तुझ्या धाकट्या आणि (तुझ्याच शब्दांत) बिनकामाच्या भावाचा साष्टांग नमस्कार. यातलं ‘साष्टांग’ कृपा करून शब्दशः घेऊ नकोस. आठ अंगांपैकी कंबर सध्या रजेवर आहे, तेव्हा उरलेल्या अंगांनी जमेल तेवढा केला आहे. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून बोलतात, की आता नुसते रुसून बसतात? भाऊजींच्या कानातलं यंत्र अजून शिट्टी मारतं का? गेल्या वेळी फोनवर ती शिट्टी ऐकून धाकटीला वाटलं, तुमच्याकडे चहाची किटली तापली. गंमत म्हणजे भाऊजीसुद्धा गॅस बंद करायला उठले, असं तूच नंतर सांगितलंस.

इकडे आम्ही चौघं आणि अण्णा खुशाल आहोत. दुसऱ्या ठिकाणी आम्ही चौघं आहोत, तेही खुशाल असल्याचं कळतं. हे वाक्य पुन्हा वाचू नकोस, चूक नाही. ते कसं झालं हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस, मग मी मध्ये बोलतो, आणि शेवटी आपण दोघं मिळून तिसऱ्याच कुणाच्या तब्येतीवर येतो.

हिला बढती मिळाल्याचं तुला कळलं आहेच. (रक्त तपासणाऱ्यांना बढती मिळते. डोळे तपासणाऱ्यांना पाठदुखी मिळते.) नव्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलची सगळी प्रयोगशाळा आता हिच्या ताब्यात आहे आणि तिथल्या नळ्या-बाटल्यासुद्धा म्हणे हिला बघून सरळ उभ्या राहतात. मला तिथेच भर बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. राहता राहिला घराचा प्रश्न. शहरात राहायचं की शहराबाहेर? आक्का, उभा जन्म मी अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर ती जड चौकट चढवून, काचा बदलत विचारत आलो, ‘ही बरी, की ही? पहिली, की दुसरी?’ आणि माणसं घाबरून म्हणतात, ‘दोन्ही सारख्याच दिसतात हो.’ मला त्यांचा राग यायचा. आता त्या खुर्चीत मी बसलो होतो. ही म्हणायची, शहरातलं घर हॉस्पिटलपासून चालत. थोरली म्हणायची, शहराबाहेर स्वतःची खोली. धाकटी म्हणायची, जिथे कुत्रं पाळता येईल तिथे (आणि आम्ही कुठेही पाळणार नव्हतो). खरा प्रश्न एकच होता, अण्णांची खाट कुठे लागणार. तो सोडून बाकी सगळ्या प्रश्नांवर आमच्याकडे कडाक्याची भांडणं झाली.

शहरातलं घर आधी पाहिलं. एजंट म्हणजे असा माणूस, की भिंतीला तडा दिसला तर म्हणेल ‘हवेशीर’. खाली एक किल्ल्या करणारा आणि त्याला चिकटून एक ड्रायक्लीनर. वरच्या मजल्यावर कुणीतरी तुतारीसारखं वाद्य शिकत होतं, म्हणजे निदान हातात धरायला तरी शिकलं होतं. जेवणाच्या टेबलाची खिडकी बरोबर दुमजली बसच्या वरच्या मजल्याच्या उंचीला येते. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक बस येऊन थांबली, आणि आतल्या एका गृहस्थाने माझ्याकडे बघून खुणेनं सांगितलं की कॉलर आत दुमडली आहे. मी नीट केली, त्यांनी मान डोलावली, बस गेली. एकूण शेजार इतपत. बाकी तिथे कुणाला कुणाचं काही ऐकू येत नाही. मी आपल्या बायकोला ‘घर कसं वाटतं?’ विचारलं, तर ती म्हणाली, ‘मीठ संपलंय, येताना आणू.’ खोल्या अडीच. त्या अर्ध्या खोलीला एजंट ‘स्टडी’ म्हणत होता. अण्णांनी काठीनं तिची लांबी मोजली, रुंदी मोजली, आणि म्हणाले, ‘खोली उत्तम आहे. उभ्याने झोपणाऱ्या माणसासाठी.’

मग शहराबाहेरचं. बस शेवटच्या थांब्याला पोचली तेव्हा आत आम्हीच उरलो होतो. रुंद रस्ते, कातरून चौकोनी केलेली कुंपणं, आणि एकसारखी घरं, जणू एकच घर फिरायला निघालं आणि वाटेत त्याच्या प्रती काढल्या गेल्या. आणि शांतता! इतकी, की चष्म्याची काडी कानामागे सरकल्याचा मला आवाज आला. पोरांचा गलका नाही, दार आपटल्याचा आवाज नाही. लोक मात्र होते. जो तो आपल्या अंगणात नळी घेऊन झाडांना पाणी घालत उभा, आणि सगळ्यांची मान किंचित तिरकी. मी ती मान ओळखतो. दुकानात बहिरी गिऱ्हाइकं अशीच बसतात. पण ही माणसं बहिरी नव्हती, उलट आम्ही चालत गेलो तशी एकेक मान आमच्यामागे वळत गेली. पाणी घालता घालता एकाची नळी फरशीवर केव्हा वळली हे त्याला कळलंच नाही. धाकटी हळूच म्हणाली, ‘बाबा, हे आपलं ऐकतायत.’ मी म्हटलं, ‘वेडी आहेस का!’ तर समोरच्या अंगणातल्या माणसानं धाकटीकडे काळजीनं पाहिलं.

घर मात्र सुरेख. तळमजल्यावर पायऱ्या न चढता जाता येईल अशी उन्हाची खोली, मोठी खिडकी, बाजूला न्हाणीघर. सगळ्यांनी त्या खोलीत शिरून एकदा अण्णांकडे पाहिलं, आणि मग छताकडे. हिनं पडद्यांचा रंग ठरवला. थोरलीनं आपल्या खोलीचं दार आतून लावून पाहिलं आणि बराच वेळ उघडलं नाही.

निघताना कुंपणापाशी शेजारच्या बाई उभ्या होत्या. नीटनेटक्या, पांढऱ्या केसांच्या, हातात कात्री. (पुढे यांना मी कुंपणावरच्या काकू म्हणेन.) दोन गोड शब्द झाले. मग आपण सगळेच म्हणतो तसं मी म्हणालो, ‘बरंय काकू, येतो.’ ही म्हणाली, ‘येते हं.’ पोरीही म्हणाल्या, ‘येतो आम्ही.’ आणि अण्णा, तुला काय सांगायचं, म्हणाले, ‘मी जातो.’

अण्णांचं हे तुला नवं नाही. छापखान्यात लोकांच्या वेलांट्या पकडण्यात जन्म गेला, त्यामुळे जाताना ‘येतो’ म्हणणं ही त्यांच्या मते धडधडीत खोटी बातमी. ‘माणूस जाताना जातो. त्यात क्रियापदाला लाज कसली?’ यावरून त्यांनी किती दारांत किती यजमानांशी वाद घातला याची गणती नाही. वादच घालता यावा म्हणून ते लोकांकडे जायचे, असा माझा संशय आहे. आई होती तोवर ती त्यांच्यामागून दोघांच्या वतीनं ‘येतो हं’ म्हणून घ्यायची.

काकूंनी मात्र वाद घातला नाही. कात्री खाली ठेवली आणि गंभीरपणे विचारलं, ‘चौघंही?’ ही हसून म्हणाली, ‘हो हो, चौघंही!’ काकूंनी मान हलवली, अण्णांकडे एकदा हळहळून पाहिलं, आणि आत निघून गेल्या. त्या जाताना काहीच म्हणाल्या नाहीत, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही मापं घ्यायची टेप घेऊन पुन्हा गेलो. अजून काही ठरलं नव्हतं, पण ही म्हणाली, मापं घेतली की मन आपोआप ठरतं. कोपऱ्यावरून वळलो तर घराला पडदे लागलेले. हिनं मनात धरला होता तोच रंग. दारात पायपुसणं. ही माझ्यावर उखडली, ‘एजंटानं दुसऱ्याला दिलं घर! तुला म्हटलं होतं, लगेच फोन कर!’ मी तोंड उघडणार तेवढ्यात कुंपणावरच्या काकू आल्या. ‘आज पुन्हा बाहेरून?’ असं म्हणून त्यांनी हिच्या हातात एक वाटी ठेवली. ‘तुमची. सूप छान झालं होतं.’

ही म्हणाली, काकू, आम्ही नाही दिलं सूप, काहीतरी गैरसमज होतोय. काकू समजुतीनं म्हणाल्या, ‘तुम्ही नाही हो. आतल्या तुम्ही.’

आक्का, वाटी आमची होती. धाकटीनं जिन्यावरून टाकली तेव्हा पडलेला तो पोचा, तो ओळखायला मला भिंग लागत नाही. ती वाटी घरातून नाहीशी झाल्याबद्दल त्या आठवड्यात मी रोज बोलणी खाल्ली होती. (त्याबद्दल अजून कुणी माझी माफी मागितलेली नाही.)

मग आम्ही पडद्याच्या फटीतून आत पाहिलं. भर दुपारची वेळ, लख्ख ऊन, त्यामुळे अंधारात भास झाला वगैरे म्हणायची सोय नाही. टेबलाभोवती आम्ही चौघं जेवत होतो.

तू म्हणशील, दिसायला सारखी माणसं असतात. असतात. पण माझ्यासारख्या जाड, उणे नंबरच्या काचा लावणाऱ्या माणसाच्या गालाची कड काचेमागे आत सरकलेली दिसते, आणि किती सरकली यावरून मी नंबर सांगू शकतो. त्या माणसाची उजवीकडची कड डावीपेक्षा जास्त सरकलेली होती. माझाच नंबर, माझीच चौकट, उजव्या काडीचा तोच ढिला स्क्रू. फक्त पाठ ताठ. त्यांच्यात कुणी बोलत नव्हतं. थोरलीला मीठ हवं होतं, तर तिनं मागायच्या आत धाकटीनं पुढे केलं. हे बघून माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब चेहरे एक वेळ समजू शकतो, पण आमच्या धाकटीनं थोरलीला न मागता काही दिलं, हे या जगातलं नव्हे.

‘तिनं माझा निळा स्वेटर घातलाय!’ थोरली किंचाळली. मी म्हटलं, ‘अगं, तो तुझ्या अंगावर आहे.’ ‘मग तिच्या अंगावर कसा?’ आतल्या थोरलीनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. रागानं नाही, ओळखीनंही नाही. रस्त्यावर चाललेली वरात खिडकीतून बघावी, तसं.

एजंटाला बोलावलं. तो धावत आला, आत डोकावला, आणि खूश झाला. ‘आलात का! छान, छान.’ मी म्हटलं, हे कोण आहेत? ‘तुम्ही! येतो म्हणालात, आलात.’ पण आम्ही इथे बाहेर उभे आहोत! ‘ते तुमचं खासगी,’ तो म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं की या भागात बोललेलं ऐकलं जातं, हे तो पहिल्याच दिवशी सांगायला विसरला. शहरात हजार माणसं दिवसभर येतो-येतो म्हणत असतात, काही होत नाही, कारण ऐकतो कोण? इथे जागा आहे, वेळ आहे, शांतता आहे. माणसाचा शब्द वाया जात नाही. पलीकडच्या घरात एक बाई होत्या, त्यांना जरा काही झालं की ‘अगं बाई, मेले मी!’ म्हणायची सवय होती. ‘मग?’ ही म्हणाली. ‘मग काय, घर रिकामं आहे,’ एजंट म्हणाला. ‘दाखवू?’

आक्का, तिथल्या तिथे मला आपल्या भाषेची भीती वाटली. आपल्याकडे साधी दुपार पार पडत नाही कुणी कुणाचं डोकं खाल्ल्याशिवाय. आपण जीव टाकतो, नाक कापून घेतो, पोरं घर डोक्यावर घेतात, हसता हसता पोट फुटतं, शेजाऱ्याच्या गळ्यात पडतो आणि नातेवाइकांच्या डोळ्यांत खुपतो. डोळ्यांत खुपणारे नातेवाईक! मी नजर तपासणारा माणूस, मला ते चित्र लगेच दिसलं. बोलीभाषा बोलणाऱ्या कुटुंबानं त्या गल्लीत राहणं म्हणजे आगपेट्यांच्या कारखान्यात विडी ओढणं. माझ्या पोटात गोळा आला होता, पण तसं मी मोठ्यानं म्हटलं नाही. धाकटी ‘मला ना आत्ता धरणीनं’ एवढं म्हणाली आणि हिनं तिच्या तोंडावर हात दाबला. कुंपणापलीकडे चारपाच माना तिरक्या होऊन पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या.

पण घाबरलेल्या माणसांना मत्सर होत नाही असं तुला वाटत असेल तर ते चूक आहे. आतला मी जेवण आटोपून उठला आणि त्यानं स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. हिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी लिहीत नाही. मी म्हटलं, ‘तुझी तीसुद्धा बघ, कुणावर ओरडत नाहीये.’ ‘तिला ओरडावं लागत नाहीये,’ ही म्हणाली. यावर पुढे आणखीही झालं असतं, पण तेवढ्यात थोरली म्हणाली, ‘अण्णा कुठे आहेत?’

अण्णांनी बेल वाजवली होती. दार उघडलं, ते आत गेले, दार लागलं. खिडकीतून दिसलं की टेबलाला पाचवी खुर्ची होती, आणि ती रिकामी होती. आतल्या हिनं ती मागे ओढून धरली, अण्णा बसले. आमच्यात ते बसायला लागले की दोघंतिघं ‘सावकाश, सावकाश!’ म्हणून ओरडतो. तिथे कुणी ओरडलं नाही, फक्त खुर्ची धरली.

बराच वेळ आम्ही आमच्याच घरासमोर फूटपाथवर उभे होतो. शेवटी त्यांना आणायला मी आत गेलो. दार त्यानंच उघडलं, म्हणजे मीच. जवळून बघितलं तर आमच्यात काही फरक नव्हता, एवढंच की त्याला घाई नव्हती. त्यानं मला ती उन्हाची खोली दाखवली. खाट खिडकीशी आडवी लावलेली. वाचायचा दिवा डाव्या हाताला. (अण्णांना उजव्या डोळ्यानं कमी दिसतं, हे मला माहीत आहे. मी स्वतः तपासलं आहे. आपल्या घरी दिवा उजव्या हाताला आहे.) न्हाणीघरात धरायला दांडी. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘अण्णांचं काय ठरलं?’

एवढंच. महिनाभर आमच्या घरात जे कुणी विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं, आणि उत्तरासाठी थांबला. मी म्हटलं, बघतोय, म्हणजे शहरात जागा तशी आहे, म्हणजे स्टडी आहे, थोडी ॲडजस्टमेंट, शिवाय आक्काही आहेच, म्हणजे प्रश्न असा आहे की... आक्का, तो थांबूनच राहिला. आपल्या घरी एव्हाना कुणीतरी मध्ये बोललं असतं, फोन वाजला असता, दूध उतू गेलं असतं. माणसाचं वाक्य कुणी तोडलं नाही की ते पूर्ण करावं लागतं, आणि माझ्याकडे शेवट नव्हता. इतकी भीती मला त्या दिवशी आणखी कशाची वाटली नाही.

मी अण्णांचा हात धरला आणि बाहेर आणलं. दारात ते थांबले. मागे ते चौघं, पुढे आम्ही चौघं, कुंपणावर काकू, एजंट, आणि गल्लीभरच्या माना. पाण्याच्या नळ्यासुद्धा बंद झाल्या होत्या. आता अण्णा काय म्हणतात यावर सगळं होतं. ‘येतो’ म्हणाले तर पाचवी खुर्ची भरणार. ‘जातो’ म्हणाले तर, या गल्लीत त्या शब्दाचा अर्थ किती लांबवर जाईल, कोण जाणे. हिनं माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ अजून आहे. अण्णांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. संपादकांकडे बघायचे तसं. आणि म्हणाले, ‘बघू.’

गल्लीत चुळबूळ झाली. काकूंनी एजंटाकडे पाहिलं, एजंटानं आपल्या बुटांकडे. ‘बघू’चं काय करायचं हे त्यांच्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्यात ठाऊक आहे, आपण त्यावर पिढ्या काढल्या आहेत. त्या गोंधळात आम्ही बस गाठली.

दोन दिवसांनी एजंटाचा फोन आला. म्हणाला, तोडगा निघाला. त्या उन्हाच्या खोलीच्या खिडकीत आता एक वृद्ध गृहस्थ काठी टेकून उभे असतात. काही करत नाहीत, जेवत नाहीत, टेबलाशी येत नाहीत. नुसते बघतात.

आम्ही त्याच दिवशी शहरातलं घर नक्की केलं. सामान हलवलं, पत्र तिथूनच लिहितो आहे. वर तुतारीवाला आता एक सूर सोडून बाकी सगळे वाजवू शकतो. खाली किल्लीवाला कानस घासतो. मी भर सज्ज्यात उभा राहून ‘येतो, येतो, येतो’ असं ओरडून पाहिलं. कुणी वर बघितलं नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. स्टडीत पुस्तकं आणि हिचं टेबल आलं. अण्णांची खाट सध्या स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात आहे, तिला वळसा घालायला जागा नाही म्हणून आम्ही ती ओलांडतो. अण्णा काही म्हणत नाहीत. हे मात्र मला आवडत नाही. अण्णा म्हणत नाहीत म्हणजे काय?

बाकी काय लिहू. भाऊजींना नमस्कार (मोठ्यानं सांग). लोभ आहे तेवढा असू दे, वाढवायला तुझ्या गुडघ्यांत बळ कुठे आहे!

तुझा,
धाकटा

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. तुमची मागची खोली रिकामीच असते ना? अण्णांना काही दिवस तुझ्याकडे पाठवावं म्हणतो. इथे सोय होईपर्यंत. त्यांना हवापालट होईल, तुलाही सोबत होईल. हिलाही असंच वाटतं, म्हणजे मी विचारलं नाही, पण वाटत असणार.

ता. क. दुसरा. वरचं लिहून पत्र टेबलावर ठेवलं आणि दुकानात गेलो. अण्णा टेबलावर पडलेला कागद तपासल्याशिवाय सोडत नाहीत, हे मी विसरलो. संध्याकाळी बघतो तर ऱ्हस्व-दीर्घ सगळं लाल पेन्सिलीनं सुधारलेलं (स्वच्छ करून पुन्हा लिहिलं आहे, म्हणून तुला दिसणार नाही). पहिल्या ता. क.मध्ये ‘काही दिवस’खाली रेघ, आणि समासात त्यांच्या बारीक अक्षरात, ‘काही म्हणजे किती? अर्थ संदिग्ध.’ बाकी अवाक्षर नाही. मी सारवासारव करायला गेलो, तर ते बॅग भरत होते. मी म्हटलं, अण्णा, आक्काकडे लगेच नाही जायचं, अजून तिला विचारायचंय. ते म्हणाले, ‘आक्काकडे नाही. मी फोन केलाय त्यांना.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. बस, तुतारी, कानस, सगळा गदारोळ चालू होता, त्यात चौघं एका रांगेत जिना चढून आले आणि पायांचा आवाज नाही. खाली ड्रायक्लीनरनं त्याला मीच समजून हात केला म्हणे. आतल्या हिनं अण्णांची बॅग उचलली. आमची ही न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली होती, डोळे लाल करून बाहेर आली. दोघी थोरल्या एकमेकींकडे बघत उभ्या होत्या, दोन्ही निळे स्वेटर. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘त्यांच्या सवयी सांग.’ आणि थांबला.

मी सांगितलं. चहा कसा, पाव कुठला, रात्री कुठलं औषध, आंघोळीचं पाणी किती गरम. मला सगळं ठाऊक होतं, याचं मलाच आश्चर्य वाटलं. तो मान हलवून एकेक गोष्ट ऐकून ठेवत होता. हे सगळं आता तो करणार, न विसरता, रोज, हे मला दिसलं. मग शेवटी मी म्हटलं, ‘आणि हो, एक महत्त्वाचं. त्यांना वाद अजिबात खपत नाही. म्हणतील त्याला हो म्हणायचं.’ त्याचा विश्वास बसला. अण्णा जिना उतरले. रविवारी भेटायला या, पण येण्याआधी फोन करा, असं तिथल्या मी इथल्या मला बजावलं आहे.

ता. क. तिसरा. मागच्या खोलीचं वरती लिहिलं आहे ते वाचलं नाहीस असं समज. दुपारी आम्ही चौघांनी मिळून सोफा खाली उतरवला, ड्रायक्लीनर घेऊन गेला. त्या जागी खाट आडवी बसते, खिडकीशी, चारी बाजूंनी जागा सोडून. दिवा डाव्या हाताला लावला आहे. हे सगळं करायला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही, म्हणून आम्ही चौघांनी तो एकमेकांकडे न बघता प्यायला.

आता विनंती एवढीच. तुला एक फोन येईल. आवाज माझाच असेल, आक्का म्हणण्याची तऱ्हाही माझीच. फरक एवढाच, की तुझं बोलणं तो मध्ये तोडणार नाही. गुडघ्यांचं विचारील आणि तू सांगशील ते शेवटपर्यंत ऐकून घेईल. त्यावरून ओळख. मग तो विचारील, अण्णा हल्ली गप्प गप्प का, त्यांच्याशी वाद घालून बघावा का? तू ठाम सांग, छे छे, चुकूनही नको, त्यांना शांतताच आवडते. एवढं केलंस तर आठवड्याभरात अण्णा कंटाळून इकडे निघून येतील. मी क्रियापदांवरचे चार नवे मुद्दे तयार ठेवले आहेत.

आणि त्याच्याशी बोलून तुला बरं वाटलं, तर तेवढं मात्र मला कळवू नकोस.